रोजच्यापुरतं दळण



आमच्या घरात रोज पहाटे साडेपाचच्या सुमाराला एक आवाज होतो. घर्र घर्र घर्र. मध्येच एखादं बी कडकन् फुटतं, आणि पुन्हा घर्रघर्र सुरू. मागे आमच्या खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते. त्यांनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं, "साहेब, तुम्ही सकाळी सकाळी सुतारकाम करता का?" मी म्हटलं, "नाही हो, कॉफी दळतो." ते नुसते हसले. कवी माणूस, बोलत असेल काहीतरी अलंकारिक, असं त्यांना वाटलं असावं.

पण यात अलंकार काही नाही. घाटकोपरला, स्टेशनच्या पूर्वेला, एका जुन्या चार मजली इमारतीत आम्ही राहतो. आमच्या ओट्याखाली एक बिडाचं यंत्र आहे. लाकडी पाटावर स्क्रूनं घट्ट बसवलेलं. वर बिया टाकायला वाटीसारखं तोंड, बाजूला फिरवायचा दांडा, दांड्याला लाकडी मूठ आणि पुढे पूड पडायची जागा. विळीवर बसतात तसं एक गुडघा पाटावर दाबून बसायचं आणि दांडा फिरवायचा. आम्ही त्याला 'मिशीन' म्हणतो. हा शब्द मामींचा. मामी म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या तमिळ बाई. आज मी या मिशीनबद्दल बोलणार आहे, पण खरं म्हणजे मामींबद्दलच बोलणार आहे.

आधी हे सांगतो की, कॉफी आमच्या घरातली नव्हे. आमचं गाव साताऱ्याकडचं. घरात चहा. कॉफी म्हणजे कुणाला ताप आला किंवा मुलगी पाहायला पाहुणे आले की करायची गोष्ट. त्या कॉफीत दूधच दूध, कॉफी नावाला आणि जायफळ मात्र सढळ. पुष्कळ मराठी घरांत ती तशीच होत असे आणि मला ती अजूनही आवडते. मुंबईला मात्र दळलेल्या कॉफीची सवय फार जुनी. पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या एका पारशी मुलानं १८८८ च्या सुमाराला इथं कॉफी भाजून, दळून विकायला सुरुवात केली. तेच पुढे 'पॉल्सन'वाले झाले. त्यांचं लोणी इतकं गाजलं की खुशामत करण्याला 'पॉल्सन लावणं' म्हणायला लागले. लोणी लोकांच्या लक्षात राहिलं, पण धंद्याची सुरुवात कॉफी दळण्यापासून झाली होती.

आता मिशीन आमच्याकडे कसं आलं ते सांगतो.

१९९४ साल. माझं नुकतंच लग्न झालं होतं. एका खासगी कंपनीत कारकून होतो, संध्याकाळी कविता लिहीत होतो आणि रविवारी घर शोधत होतो. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर अशी स्टेशनं पालथी घातली. मुंबईत नुकतंच काय होऊन गेलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर माझं बोलणं ऐकलं की समोरचा माणूस खूश. "या ना, बघून जा, आम्हाला मराठी फॅमिलीच पाहिजे." मग शेवटी नाव विचारायचा. मी नाव सांगायचो. मग थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मग, "असं करा, मी तुम्हाला उद्या कळवतो." हे उद्याचं कळवणं कधी आलं नाही. माझी भाषा त्यांना चालत होती, नाव चालत नव्हतं. मराठी ही माझ्या आईची, आजीची भाषा. तिच्यामुळे मला दारापर्यंत जाता येत होतं. आत मात्र जाता येत नव्हतं.

या इमारतीतल्या घराचा मालक द्यायला तयार होता, पण कमिटीतले काहीजण कां-कूं करत होते. तेव्हा समोरच्या घरातल्या मामी, पन्नाशीच्या, नवरा वारलेला, मुलगा शिकायला बाहेर, त्या मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या, "माझा दरवाजाच्या समोर कोण राहणार, ते मला चाललं पाहिजे ना? मला चालतं." एवढंच. पुढे काही भाषण नाही. आम्हाला घर मिळालं. हे मला वर्षभरानं वॉचमननं सांगितलं. मामी स्वतः याविषयी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पण गोष्ट इथं संपत नाही. ती इथं संपवली तर सोयीची होईल, पण खरी होणार नाही.

पहिल्या सकाळी मामींनी कॉफी आणून दिली. स्टीलचा टंबलर, खाली डबरा, वर फेस. आम्ही दोघं हरखून गेलो. पण आठवड्याभरात माझ्या पत्नीच्या लक्षात आलं की आमच्यासाठी येणारा टंबलर दर वेळी तोच असतो. काठाशी पोचा आलेला. तो धुऊन परत दिला की मामी तो आत नेत नसत, दाराजवळच्या फळीवर ठेवत. आणि आम्ही त्यांच्या घरात गेलो की बैठकीच्या खोलीपर्यंत. स्वयंपाकघराचा उंबरा ही हद्द. मी चिडलो. पत्नी म्हणाली, "मीटिंगमध्ये आपल्यासाठी बोलल्या त्याच, आणि टंबलर वेगळा ठेवतात त्याही त्याच. दोन्ही त्याच आहेत. जरा थांबा." तिला माझ्यापेक्षा माणसं जास्त कळतात.

थांबलो. दीडेक वर्ष गेलं. एका पावसाळ्यात मामींचा उजवा खांदा धरला. हात वर होईना. एका सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं आणि पत्नीला म्हणाल्या, "अगं पोरी, जरा मिशीन फिरवून दे." मिशीन स्वयंपाकघरात, पाटावर बसवलेलं. ही उंबऱ्यापाशी अडखळली. मामींनी क्षणभर विचार केला आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बी कोरडा आहे. कोरडा चालतं." ही आत गेली, पाटाशी बसली आणि दांडा फिरवायला लागली.

माझी पत्नी जात्यावर दळलेली मुलगी. तिच्या माहेरी तिच्या लहानपणी जातं होतं आणि तिची आजी दळताना ओव्या म्हणायची. पहाटे दळणाऱ्या बाईला ओवी सुचते. त्यात धर्म आडवा येत नाही, कारण हात दोन्हीकडचे सारखेच दुखतात. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तर त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. तर ही सवयीनं गुणगुणायला लागली. मामी म्हणाल्या, "काय गातेस?" ही म्हणाली, "दळताना गायचं असतं, मामी." मामींना ते पटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजलं.

खांदा महिनाभरात बरा झाला. पण हिचं जाणं थांबलं नाही. आणि एके दिवशी फळीवरचा तो पोचा आलेला टंबलर दिसेनासा झाला. कधी गेला ते मामींनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या इतर भांड्यांतून कॉफी पीत आलो. श्रोतेहो, मोठमोठ्या परिषदांतून सलोख्यावर बोललं जातं. मीही बोललो आहे, मानधनही घेतलं आहे. पण माझ्या डोळ्यांदेखत उंबरा ओलांडला गेला तो दळणामुळे.

मग शिकवणी सुरू झाली. मामी काटेकोर होत्या. त्यांचं पहिलं म्हणणं असं की, कॉफी दळणं म्हणजे तिचा भुगा करणं नव्हे. या मिशीनच्या पोटात दोन दातेरी लोखंडी चकत्या असतात. एक जागेवर स्थिर, दुसरी दांड्याबरोबर फिरते. म्हणजे आपलं जातंच, फक्त आडवं न ठेवता उभं केलेलं. बी त्या दोन चकत्यांच्या फटीत सापडतं आणि फट जेवढी, तेवढाच कण बाहेर पडतो. मागे एक स्क्रू असतो. तो आवळला की पूड बारीक, सैल केला की जाड. फिल्टरच्या कॉफीला बारीक रव्याच्या थोडी अलीकडची पूड लागते. अगदी पिठासारखी झाली तर फिल्टरची भोकं बुजतात आणि डिकॉक्शन खाली उतरत नाही. जाड राहिली तर पाणी भसाभसा निघून जातं आणि खाली उतरतं ते रंगीत पाणी. मिक्सरमध्ये पातं बियांवर आपटतं, त्यामुळे काही कण पीठ होतात, काही तसेच खडे राहतात, आणि जास्त वेळ फिरवलं तर पूड गरम होते. दोन-अडीच मिनिटांच्या हातमेहनतीनं हे सगळं टळतं.

दुसरी गोष्ट बियांची. मामी माटुंग्याहून भाजलेल्या बिया आणायच्या. त्यात 'पीबेरी' आणि 'प्लँटेशन ए' यांचं मिश्रण. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया असतात, एकमेकींना चिकटून वाढल्यामुळे एका बाजूनं चपट्या. एखाद्या फळात एकच बी धरतं, ते गोल होतं. ती पीबेरी. मामींच्या आठवणीत कॉफी ही सरकारी गोष्ट होती. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाकडेच द्यावी लागे. ते बंधन नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्यानं उठलं. आणि चिकोरी? मामी ती अगदी थोडी आणि दळून झाल्यावरच घालत. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यानं रंग येतो, दाटपणा येतो, पण कॉफीचा वास काही येत नाही. कायद्यानं चिकोरी मिसळलेल्या कॉफीत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते. पुढच्या वेळी बारीक अक्षरं वाचून बघा.

आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. एकदा पत्नीनं हौसेनं आठवड्याभराची पूड करून डबा भरून ठेवला. मामी रागावल्या. "उद्याचा आज कशाला दळतेस? उद्याला हात नाहीत काय?" याच्यामागे साधं कारण आहे. बी अख्खं असतं तोवर वास त्याच्या पोटात राहतो. दळलं की एका बियेचे शेकडो कण होतात, प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा लागते आणि वास उडून जातो. दळताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो म्हणजे डब्यात न उरणारा वास. तेव्हा जितकं लागेल तितकंच दळायचं. आम्हा तिघांना मूठभर बिया पुरतात.

एकदा मी मामींना कॉफीचा इतिहास सांगितला. कॉफी प्रथम रुजली ती येमेनमधल्या सूफी फकिरांत. रात्रभर जागून जप करायचा, झोप येऊ नये म्हणून कहवा प्यायचा. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्यानं तिच्यावर बंदी घातली, ती फार काळ टिकली नाही. अरब व्यापारी रुजेल असं बी बाहेर जाऊ देत नसत, असं सांगतात. आणि आख्यायिका अशी की, सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या फकिरानं हजहून येताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात. तिथं बाबांचे भक्त जातात आणि दत्ताचे भक्तही जातात. त्या जागेवरून वाद झाले आहेत, तेही खरं. पण कॉफीची झाडं दोघांच्या वाटेवर आहेत.

मामींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कॉफी तुमचाच होता! आणि तुम्ही लोक माझ्या घरात येईपर्यंत चहा पीत बसलात?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्या वर्षांत रमजान हिवाळ्यात यायचा. सहरीसाठी पहाटे उठायला हवं. आमच्याकडे गजराचं घड्याळ होतं, पण त्याची गरज पडली नाही. मामी एरवी साडेपाचला दळायच्या, रमजानात साडेचारला दळू लागल्या. भिंतीपलीकडून घर्रघर्र ऐकू आलं की आम्ही उठायचो. एका पहाटे आवाज होऊनही आमच्याकडे दिवा लागला नाही, तर त्यांनी येऊन दार वाजवलं. "वेळ संपेल, उठा." आमचा मुलगा तेव्हा तान्हा होता, रात्रभर जागवलं होतं त्यानं. मामींनी त्याला कडेवर घेतलं आणि आम्ही दोघं जेवलो.

२०११ मध्ये मामी मुलाकडे कोइंबतूरला राहायला गेल्या. एव्हाना आम्ही हेच घर विकत घेतलं होतं. त्यांनी घर विकलं, सामान वाटलं. मिशीन आणि चार टंबलर-डबरे हिच्या हातात दिले. म्हणाल्या, "मुलाकडे विजेचा आहे. याला हात पाहिजेत." दर रविवारी फोन यायचा. तब्येत, मुलाचा अभ्यास वगैरे झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "मिशीन चालतं ना?" २०१९ मध्ये तो फोन बंद झाला. त्यांच्या मुलानं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशीन फिरवलं आणि हिनं चौथा टंबलर भरून खिडकीत ठेवला. आमच्यात असं काही करत नाहीत. पण तिनं ठेवला आणि मी काही बोललो नाही.

आता हिची बोटं सांधेदुखीनं वाकली आहेत. दांडा मी फिरवतो. मी कवी असून मला ओवी येत नाही, हे ती रोज ऐकवते. ओट्याशी उभी राहून ती गुणगुणते आणि मी फिरवतो.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. तीनेक वर्षं भाड्यानं राहायचं आहे. म्हणजे पुन्हा घर शोधणं आलं. या वेळी फोन मुलगा करतो. त्याचं मराठी माझ्याहून मुंबईचं आहे. मागच्या महिन्यात तीन घरं पाहिली. दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर कळलं की, घर 'कालच गेलं'. तिसऱ्या ठिकाणचं उत्तर यायचं आहे. तीस वर्षांपूर्वी जे मी ऐकलं, ते माझ्या मुलाला ऐकताना बघणं सोपं नाही. त्याचं घरातलं टोपणनाव असं आहे की, त्यावरून धर्म कळत नाही. तो म्हणाला, "पप्पा, एजंटला तेवढंच सांगू का?" मी काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "पूर्ण नाव सांग. पुढे राहायचं आहे तिथं."

मला आधी वाटायचं की, मामींनी एकदा आमच्यासाठी शब्द टाकला आणि काम झालं. आता कळतं की तसं नव्हतं. तो शब्द त्यांनी दिला एका दिवसात. पण पोचा आलेला टंबलर फळीवरून जायला दीड वर्ष लागलं, आणि ते रोजच्या मूठभर दळणातून झालं. शेजार साठवून ठेवता येत नाही. माझ्या पिढीनं मामींबरोबर जे दळलं, ते माझ्या मुलाला आयतं मिळणार नाही. त्याला त्याचं दळावं लागेल. आणि समोरच्या दारातल्या माणसालाही.

सामान बांधायला सुरुवात झाली आहे. पुस्तकं खोक्यांत गेली, माळा रिकामा झाला. मिशीन सगळ्यांत शेवटी बांधायचं ठरलं आहे, कारण शेवटच्या सकाळीही कॉफी लागेलच. आणि नव्या घरात, ते कुठंही मिळो, पहिल्यांदा तेच उघडायचं. पहाटे आवाज होईल. कुणीतरी जिन्यात थांबवून विचारेल, सुतारकाम करता का म्हणून.

आम्ही घरात माणसं तीन. हिनं टंबलर मात्र चारही घासून ठेवले आहेत.